टेबलाच्या अलीकडे

केबिनमध्ये आले की साळवे सर आधी मला माझ्या खुर्चीवरून उठवत. "तिकडून इकडं ये बाबा," म्हणत आणि पाहुण्यांच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर मला बसवून दुसरीवर स्वतः बसत. समोर माझी रिकामी खुर्ची. "बघ, तिथं कोणी न्हाई, तरी कारखाना चालूनच राह्यला. आता बोल."

सर नवीन जालना भागात राहायचे. सगळी नोकरी एका बियाणे कंपनीत, कामगार-अधिकारी म्हणून. निवृत्तीनंतर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची आणि आठवडाभर आम्हा कारखानदारांचं ऐकून घ्यायचं. मुलानं हौसेनं कार्ड छापून दिलं, 'एक्झिक्युटिव्ह कोच'. "कोच क्रिकेटचा असतो," सर म्हणाले. "मी नुसता बसणारा माणूस." निघताना विचारायचे, "प्रार्थना करू का? न्हाई म्हणलास तरी चहा पिऊनच जाईन." मी बौद्ध. ते प्रार्थना करत तेव्हा मी आपला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांची काही हरकत नव्हती.

आमच्या घराण्यातला पहिला कारखानदार मीच. लोखंडी सळयांची लहानशी मिल. त्यामुळे घाबरायची सोयच नव्हती. घरी नाही, बँकेत नाही, कामगारांपुढे तर बिलकुल नाही. अशात एका दुपारी क्रेनची साखळी तुटली आणि आमचा गणपत गेला. जालन्याजवळच्या टेंभुर्णीचा पोरगा. वकील म्हणाले, "चौकशी होईपर्यंत त्याच्या घरी पाऊल टाकू नका. गेलात तर चूक कबूल केली, असंच धरतील."

दुसऱ्या दिवशी सर आले. मला टेबलाच्या अलीकडे बसवलं. मग म्हणाले, "वकील कारखान्याचं बघून राह्यला, त्याचं बराबर हे. तुझं काय?"

"भीती वाटते, सर. त्याच्या आईपुढं कसा उभा राहू?" एवढं बोललो आणि ढसाढसा रडलो. बायकोपुढेही कधी रडलो नव्हतो.

"तुझ्या बुद्धाला दुःख माहीत होतं, माझ्या प्रभूलाबी. मालकालाच तेवढं दुःख न्हाई, असं म्हणायचं असतं व्हय?" सर उठले. "चल. मी संगं येतो. पण आत तू जायचं."

गणपतची आई मला बघून म्हणाली, "साहेब, कव्हाची वाट बघून राह्यले. कारखान्यातून कोणी तोंड न्हाई दाखवलं." मी तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो. पुढे चौकशीत माझ्या त्या भेटीचा विषय निघालाच, त्रासही झाला. पण त्या माउलीच्या दारात आजही मी मान वर करून जातो. त्या दिवशी सर बाहेर लिंबाखाली उभे होते.

सर वारले त्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. कॉटच्या पायथ्याशी उभा राहून म्हणालो, "सर, जल्दी बरे व्हाल."

त्यांनी उशीजवळ हातानं थोपटलं. "तिकडून इकडं ये बाबा." मी जवळ बसलो. "मिलिंद, भीती वाटून राह्यली रे."

इतक्यांना धीर दिलेला माणूस! "सर, मला तुमच्यासारखी प्रार्थना येत नाही हो."

"मंग चहा पिऊन जा," ते हसले. मी त्यांचा हात हातात घेतला. भेटीची वेळ संपली म्हणून सिस्टर मला उठवायला आली, तेव्हा सर तिला म्हणाले, "बसू द्या त्याला. तो माझ्यासाठी आलाय."