मामांची गाठ आणि साहेबाचा चमचा

आमच्या मंडळींनी पूर्णेत मासे किती धरले असं विचाराल, तर हाताची बोटं जास्त होतील. सुटलेल्या माशांचे किस्से मात्र कापसाच्या बाजारातल्या गाड्यांसारखे, एकामागे एक लागलेलेच! एक सांगत बसावं तर मागचा ओरडतो, "चाल ना बे पुढं!"

अमेरिकेत लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची गोष्ट. अमरावतीत कापूस घ्यायला एक गोरा साहेब येऊन राहिला. माझे सख्खे मामा त्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. मी अकोल्याची इंग्रजी शाळा सोडून मामांच्या घरी येऊन पडलेला. पाठ आला नाही की मास्तर छडी मारत, आणि आला की 'फार शहाणा झालास' म्हणून मारत. मग तिथं राहून करायचं काय? मामांना हे पटणं शक्य नव्हतं. ते स्वतः मार खाऊनच मोठे झालेले, आणि त्यातून आपण शहाणे झालो अशी त्यांची समजूत.

साहेब रविवारी पूर्णेच्या डोहावर मासे धरायला जाई. त्याच्या गळाला गांडूळ नाही की पिठाची गोळी नाही. विलायतेहून आणलेला चकाकता चमचा, आणि त्याच्या खाली गळ. पाण्यातून ओढला की तो मासोळीसारखा गरगर फिरे आणि मोठा मासा फसे. दोरी आणि चमचा यांच्या मध्ये हातभर बारीक, काचेसारखी तार असायची. तिला साहेब 'लीडर' म्हणे. ती रेशमाच्या किड्याच्या पोटातून काढतात. हे कळलं त्या दिवशी मामांनी जेवण सोडलं. नोकरी सोडली नाही!

एकदा साहेबाचा चष्मा गाडीच्या चाकाखाली गेला. नवा मुंबईहून येईपर्यंत तारेला चमचा बांधायचं काम आमच्यावर आलं. साहेबानं जाड सुतळीवर गाठ शिकवली. कडीतून टोक घाला, तारेभोवती पाच वेढे द्या, टोक कडीजवळच्या फटीतून परत काढा, तोंडात घालून ओलं करा, मग हळूहळू आवळा.

येताना मामा म्हणाले, "गाठ चांगली आहे. ते तोंडात घालायचं मात्र साहेबलोकांचं घाणेरडं वळण. तेवढं सोडून द्यायचं."

आमच्या शहाण्यांनी नेमकं तेवढंच सोडलं!

* * *

पहिला मान मामांचा. त्यांनी साहेबाची गाठही बाजूला ठेवली आणि जानव्याची ब्रह्मगाठ मारली, ओठात मंत्र पुटपुटत. "ही गाठ सुटत नसते," म्हणाले.

मासा लागला. एक हिसका, आणि दोरी ढिली! वर आली ती नुसती तार. कोरडी तार गाठीतच मोडली होती.

मी म्हणालो, "मामा, गेली ना गाठ!"

"गेली, पण सुटली का?" मामा म्हणाले. "तुटली. यात गाठीचा काय दोष?"

मासा तो चमचा घेऊन गेला. ब्रह्मगाठीसकट!

* * *

दुसरा महादू. कापसाची गठाण दोरानं बांधण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या बाजारात कोणी नव्हता. त्यानं गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी गाठ मारली, आणि सवयीनं गुडघा लावून आवळली. गाठ झाली लिंबाएवढी.

त्या दिवशी पाणी नितळ होतं. मोठा मासा चमच्यामागे आला, गाठीपाशी थांबला आणि वळून निघून गेला.

"काहून गेला बे?" महादूनं विचारलं.

मी म्हणालो, "त्याले वाटलं, गठाण उचलाले बोलावून राहिले."



* * *

मग आले पाटील. साहेबाला कापूस विकून त्यांच्याकडे इतका पैसा आला होता की बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोप्या घातल्या होत्या. साहेबाचा साधा चमचा बघून त्यांना हसू आलं. सोनाराकडून त्यांनी अस्सल चांदीचा घडवून आणला. वर स्वतःचं नाव!

मी विचारलं, "पाटील, नाव कायले?"

"माशाले समजलं पायजे ना, कोन धरून राहिलं ते!"

पाटलांनी गाठ मारली ती गोठ्यातली, दावणीची. दोरी भिरकावली, चमचा उन्हात लकाकला आणि तारेला रामराम करून एकटाच डोहात गेला. मासा तर अजून आलाही नव्हता!

दुसऱ्या दिवशी पाटलांनी शेतातले गडी डोहात उतरवले. कापूस वेचायचा राहिला. चमचा सापडला नाही, पण गड्यांना मासे पुष्कळ सापडले. हातानं!

* * *

शेवटी साहेबानं चिडून विचारलं, "गीला करता है या नहीं?"

तार ओली करावी लागते हे मामांना तेव्हा मान्य झालं. पण थुंकी म्हणजे उष्टं, आणि तार म्हणजे किड्याचं पोट! मी म्हणालो, "मग नदीत बुडवा."

"छे! त्या पाण्यात मासे राहतात."

"मग आपण इथं काय धरायले येतो, मामा?"

मामांनी घरून तुपाची वाटी आणली. तुपात भिजवलेली गाठ इतकी सुरेख आवळली गेली की साहेबानं बोटांनी चाचपून "वा!" म्हटलं. दोरी टाकली, मासा लागला, आणि सगळे वेढे एकमेकांवरून घसरून तार मोकळी! मामा म्हणाले, "तूप म्हशीचं होतं."

* * *

आता एकच चमचा उरला. साहेब म्हणाला, "जिसका गाँठ टिकेगा, वो मेरे साथ चलेगा." हिंगणघाट, खामगाव, जिथं जिथं कापसाचा बाजार तिथं साहेबासोबत फिरायचं, सामान सांभाळायचं. पक्की नोकरी!

मामांनी मला बाजूला घेतलं. "बांध तू. टिकली तर जा साहेबाबरोबर. तुटली तर उद्याच अकोल्याला, मास्तरांच्या पाया पडायला."

ते साहेबाला छत्री धरायला गेले तसा मी खडकाआड बसलो. तार तोंडात धरून चांगली मऊ केली. पाच वेढे दिले, टोक परत काढलं, पुन्हा थुंकी लावली आणि हळूहळू आवळली.

साहेब खडकावर उभा, मामा त्याच्या मागे छत्री घेऊन. साहेबानं गळाची काठी मागे नेली आणि जोरात पुढे फेकली. गळ अडकला तो मामांच्या कासोट्यात! छत्री एकीकडे, मामा दुसरीकडे, धप्पकन डोहात!

मामांना पोहता येत नाही. त्यांची शुद्ध भाषा पहिल्याच गटांगळीत वाहून गेली. "अबे धरा ना रे! मेलो ना मी!"

महादू आणि पाटील पाण्याकडे धावले. साहेबाला काही धड दिसेना, पण काठी वाकलेली हाताला कळत होती. तो आनंदानं ओरडला, "बहुत बडा है!"

"साहेब, ते मामा आहेत!" मी ओरडलो.

"खिंचो मत! धीरे, धीरे!" साहेब स्वतःलाच बजावत होता. मामा वर येत, खाली जात. पाटील किनाऱ्यावरून सांगत होते, "ढील द्या साहेब, दमू द्या!" आणि माझी नजर मामांवरून तारेवर, तारेवरून मामांवर. तुटली तर नोकरीही गेली आणि मामाही!

तुटली नाही. साहेबानं मामांना वाळूपर्यंत आणलं. महादूनं काखेत हात घालून ओढून घेतलं.

साहेबानं वाकून मामांच्या पाठीमागची गाठ चाचपली. "किसने बांधा?"

"मी."

मामा पाणी ओकत उठून बसले. "कशानं भिजवलीस?"

"थुंकीनं."

मामांनी मान वळवून पाहिलं. कासोट्यात चमचा तसाच लटकत होता, माझी गाठ तशीच पक्की. ते उभे राहिले, जानवं कानाला अडकवलं, काढलं, हात जोडले आणि सरळ डोहाकडे चालू लागले.

"किधर जाता है?" साहेबानं विचारलं.

"आंघोळीला."

साहेबानं काठी माझ्या हातात दिली.