पांढरी तीन

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी हे कधी सरळ बोललेले नाही — तिथे मी 'काही चुकलं असेल तर' असं म्हणून पुढे जाते. असेल तर? ते चुकून झालंच नव्हतं. मोजून केलं होतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरी येऊन त्या भिंतीकडे बघणार नाही.

मी गणिताच्या शिकवण्या घेते. लालबागला, आमची चाळ पाडून जो टॉवर उभा राहिला त्याच्या सतराव्या मजल्यावर. नववी-दहावीची मुलं येतात. उत्तर बरोबर आलं तरी पायरी गाळली तर मी मार्क कापते, आणि मुलं त्यावरून माझ्या नकला करतात. करू देत. पायरी गाळलेली मला चालत नाही. इथेही गाळणार नाही.

सासूबाईंना झटका आला तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा — तिन्ही एका सकाळी गेली. हातपाय थोडेफार परतले. वाचा नाही. कळायचं सगळं. टीव्हीवरच्या बातम्या कळायच्या, दारावर कोण आलं ते कळायचं, मी कपाट किती जोरात लावलं तेही कळायचं. फक्त तोंडातून शब्द निघत नव्हता.

आता ती वाचा आधी कशी होती, हे सांगावं का? सांगितलं तर सबब होईल. नाही सांगितलं तर पायरी गाळल्यासारखं होईल. एकच प्रसंग सांगते आणि तो विषय बंद करते. माझे वडील गेले तेव्हा तेरावं उरकून मी परत आले, आणि त्याच दिवशी घरात पाहुणे होते. आमटी खारट झाली. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय गो, बापाशीची आठवण आमटीत कित्याक घातलंस?" पाहुणे हसले. माझा नवराही हसला — वाईट हेतूने नाही, हसू आलं म्हणून. एरवीचं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "हिका गणित येता, मीठ घालूक येणा नाय." बावीस वर्षं मी ते वाक्य ऐकलं. किती वेळा ऐकलं, तेही मला साधारण सांगता येईल.

आणि मग एका सकाळी घर शांत झालं.

त्या शांततेत मी दवाखाने केले, व्यायाम करून घेतले, कंगव्याने केस विंचरले, घास भरवले. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. मी खरोखरच सगळं वेळेवर करत होते. पण मला ते घर आवडायला लागलं होतं — हे कुणाला दिसलं असेल का? सकाळी स्वयंपाकघरात माझ्या पाठीमागे कुणी काही बोलणार नाही, या खात्रीची सवय फार लवकर लागते.

परळला एका संस्थेच्या सभागृहात मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता गाण्यातून उपचाराचा वर्ग भरायचा. झटक्यानंतर बोलता न येणारी, विसर पडलेली अशी चौदा माणसं आणि त्यांना घेऊन येणारे आम्ही. वर्ग घ्यायच्या त्या मेधाताई. पेटी घेऊन बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं, की बोलण्याचा रस्ता बंद झाला तरी गाण्याचा कधी कधी उघडा राहतो. ओळखीच्या गाण्यातून शब्द बाहेर आला, की पुढे तो बोलण्यातही येऊ शकतो. पण हे पहिल्या काही महिन्यांत जेवढं होईल तेवढं. नंतर कठीण. हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. लक्षात ठेवा, मी ते ऐकलं होतं.

मेधाताईंकडे गाण्यांच्या कागदांच्या दोन जाडजूड फायली होत्या. कागद शोधेपर्यंत पेशंटचं लक्ष उडायचं. संस्थेने त्यांना टॅबलेट दिला होता, त्यात गाण्यांची पानं ठेवायचं ॲपही होतं, पण त्या त्याला घाबरायच्या. "सुजाताताई, तुम्ही बघता का जरा? माझ्या हातून सगळं पुसलं जाईल." मी बघितलं. दोन महिन्यांत दोनशे बारा गाणी टाइप केली, मोठ्या अक्षरांत, एक ओळ मोडून दुसरीवर जाणार नाही अशी. प्रत्येक माणसाच्या नावाखाली त्याची यादी. नावावर बोट ठेवलं की त्याचं गाणं उघडायचं आणि समोरच्या टीव्हीवर सगळ्यांना दिसायचं. मेधाताई म्हणायच्या, "ह्यांच्यावर माझा डोळे मिटून विश्वास." त्या अक्षरशः डोळे मिटूनच वाजवायच्या.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर पट्टी लिहिलेली असायची. पेटीवरच्या स्वरांना पांढरी एक, काळी चार अशी नावं असतात. ज्या स्वरापासून माणसाचा आवाज न ताणता लागतो, ती त्याची पट्टी. मेधाताईंनी चौदाही जणांची पट्टी स्वतः काढून दिली होती. सासूबाईंची होती पांढरी तीन. खूप खालची. झटक्यानंतर आवाजात तेवढीच ताकद उरली होती. ॲपमध्ये पट्टीच्या शेजारी दोन बाण असतात — एक वर, एक खाली. एकदा दाबलं की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. मेधाताई पानावर जे लिहिलेलं असेल त्याप्रमाणे पेटीच्या सुरांचा पाट त्या पट्टीला सरकवायच्या आणि सुरू करायच्या.

सासूबाईंचं गाणं मीच लिहून दिलं होतं. चाळीत उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर वाळत घातल्या, की बायका देठं काढत बसायच्या आणि सासूबाई गाणं सांगायच्या, बाकीच्या मागून ओढायच्या. 'मिरची वाळली उन्हात गं, माझं माहेर मनात गं.' अशा अकरा जोड्या मला पाठ होत्या. बायका म्हणायच्या, काकीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो.

चौथ्या आठवड्यात, त्या ओळीच्या शेवटी, सासूबाईंच्या तोंडून 'गं' आला. पाचव्यात 'मनात गं'. सहाव्या आठवड्यात त्यांनी पूर्ण ओळ म्हटली — वाकडी, लाळ गळत, पण पूर्ण. मेधाताई रडल्या. मीही रडले, ते खोटं नव्हतं. हेही मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतरचं ऐकून तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासून तशीच होते. तसं असतं तर सोपं झालं असतं.

सातव्या आठवड्यात, रविवारी, आम्ही जेवायला बसलो होतो. मी सासूबाईंना आमटीभाताचा घास दिला. त्यांनी तो गिळला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"मीठ कमी आसा."

तीन शब्द. स्पष्ट. झटक्यानंतरचं पहिलं वाक्य.

नवरा ताटावरून उठला. "अगं, आई बोलली! ऐकलंस? आई बोलली!" त्याने बहिणीला फोन लावला, शेजारच्या सावंतांचं दार वाजवलं, संध्याकाळी पेढे आणले. सावंतवहिनी हसत म्हणाल्या, "घ्या, काकी परत आली!" सगळे किती खूश होते. मी घास हातात धरून बसले होते. मीठ खरंच कमी होतं का? मी चाखून बघितलं. बरोबर होतं.

तेव्हाच काही ठरवलं, असं म्हणता येणार नाही. ठरलं मंगळवारी. वर्गाआधी टॅबलेट लावताना सासूबाईंचं पान उघडलं आणि वरचा बाण एकदा दाबला. पांढरी चार. अर्धा स्वर. कुणाला कळणार?

कुणाला कळलं नाही. सासूबाईंनी गायलं, थोडं कमी. पुढच्या आठवड्यात काळी तीन. मग पांढरी पाच. मग काळी चार. मग पांढरी सहा. पाच आठवडे, पाच पायऱ्या, दर मंगळवारी एक. एकदम वर नेलं असतं तर मेधाताईंच्या कानाला जाणवलं असतं. हळूहळू चढवलं, की माणसाला वाटतं आपलीच ताकद कमी होते आहे. हे मी आधीच विचारात घेतलं होतं. उदाहरण सोडवावं तसं.

मेधाताईंनी एकदाच विचारलं, "पट्टी वर गेली का हो आजींची?" ज्यांचा आवाज मोकळा होतो त्यांना त्या स्वतःच एकेक पायरी वर न्यायच्या, त्यामुळे त्यांना त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "हो, घरी वरच्या पट्टीत छान गातात." किती सहज म्हणाले! त्या खूश झाल्या. "बघा, मी सांगितलं होतं ना!"

सासूबाई घरी गात नव्हत्या.

काळी चारला त्यांचा आवाज 'माहेर'वर फाटला. वर्गात साळवी आजोबा होते, त्यांना विसराचा आजार, मनात येईल ते बोलायचे. ते ओरडले, "अरे, कोंबडो आरवलो!" सगळं सभागृह हसलं. पेशंट हसले, आम्ही हसलो. मी हसले. सासूबाईंनी मान खाली घातली, पदर तोंडाला लावला. आणि मला बरं वाटलं. आमटीची आठवण झाली आणि बरं वाटलं.

पांढरी सहाच्या दिवशी त्यांनी तोंड उघडलंच नाही. त्यांनी डावा हात वर केला, तळवा जमिनीकडे केला आणि हवा दाबावी तसा खाली नेला. पुन्हा. पुन्हा. डोळे टीव्हीवरच्या पानाकडे, मग माझ्याकडे.

खाली घ्या. आयुष्यभर गाणं सांगणारी बाई होती. पट्टी चढली आहे हे तिला कळणार नाही, तर कुणाला?

मेधाताई पेटी थांबवून म्हणाल्या, "काय म्हणतायत आजी? आडवं व्हायचंय का?"

चौदा माणसांच्या त्या सभागृहात तो हात काय म्हणतो आहे हे ओळखणारी मी एकटी होते. आणि मी म्हणाले, "हो, दमल्यात. घरी नेते."

टॅक्सीत त्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्यानंतर तीन वर्ग झाले, तिन्हीत त्यांनी तोच हात केला, तिन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. मग त्या घरातून निघायलाच तयार होईनात. नवऱ्याने खूप विनवलं. "आई, चल ना गं, गाणं म्हणायचं ना?" त्या मान हलवायच्या. नाही. बोलणंही हळूहळू गेलं. 'मीठ कमी आसा'नंतर घरात त्यांचं दुसरं पूर्ण वाक्य कुणी ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, सुधारणा येते आणि थांबते. नवऱ्याने ते मान्य केलं. मी चहा ठेवला.

तशा त्या पुढे चौदा महिने जगल्या.

एकदा दुपारी — शेवटच्या महिन्यांतली गोष्ट — मी त्यांच्या पलंगाशी लसूण सोलत बसले होते. घरात दोघीच. मला काय वाटलं कुणास ठाऊक. दया म्हणू का? भीती म्हणू? मी ते गाणं सुरू केलं. खाली, अगदी खाली, पांढरी तीनला, कारण ती पट्टी माझ्या कानात पक्की बसली होती. 'मिरची वाळली उन्हात गं...'

सासूबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिल्या. मग तो डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला.

हात जड नव्हता. मी गप्प झाले. त्यांनी तो बराच वेळ काढला नाही, आणि मीही बाजूला केला नाही. मग त्या भिंतीकडे वळल्या.

त्या गेल्या तेव्हा मेधाताई भेटायला आल्या. त्यांनी सासूबाईंचं गाण्याचं पान टॅबलेटवरून छापून आणलं होतं, जाड कागदावर, मी टाइप केलेल्या त्याच मोठ्या अक्षरांत. नवऱ्याने ते चौकटीत घालून आईच्या फोटोशेजारी लावलं. आल्यागेल्याला दाखवतो. "शेवटपर्यंत गाणं होतं हो तिच्यात. हिने नेलं तिला नेमाने, एक वार चुकवला नाही."

त्या पानाच्या डोक्यावर, गाण्याच्या नावाखाली, पट्टी लिहिलेली आहे — पांढरी सहा. दर शनिवारी मी फडकं घेऊन ती काच पुसते. आधी फोटो, मग पान.