रफूवाल्या मावशींची बोटं

गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या मावशी. खरी भाची मात्र एकच, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काम करणारी. मावशी चाळीस वर्षं खिडकीशी बसून कोट, शाली, गालिचे रफू करत आल्या होत्या. डोळ्यांनी केव्हाच दगा दिला होता. पण कापडावरून बोट फिरवलं की कुठला धागा ढिला, कुठला ताठ, ते त्यांना कळायचं.

त्या वर्षी हवा फार कोरडी झाली आणि बोटांनी संप पुकारला. टोकांना भेगा पडल्या. अशात एक म्हातारे गृहस्थ बायकोची रेशमी शाल घेऊन आले. बायको जाऊन वर्ष झालं होतं आणि शालीला कसर लागली होती. मावशींनी शाल हातात घेतली मात्र, भेगेत धागा अडकून सर्रकन ओढला गेला. त्यांनी शाल अलगद बाजूला ठेवली.

"महिनाभर थांबाल का?" त्यांनी विचारलं.

"थांबतो की. मला कुठे जायचंय?"

संध्याकाळी भाची एक ट्यूब घेऊन आली.

"तेल लावतेच की मी," मावशी फणकारल्या.

"तेल वरून झाकतं गं. यात पँथेनॉल आहे. त्वचेत मुरलं की त्याचं ब-५ जीवनसत्त्व होतं. ओलावा धरून ठेवतं आणि त्वचेची उसवलेली वीण सांधायला मदत करतं."

"म्हणजे रफूच म्हण की!"

"तसंच समज. हात धुतलेस की ओलसर असतानाच लाव. साबणाच्या पाण्यात उघडे हात घालू नकोस. आणि दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला, तर मुकाट्याने डॉक्टरकडे चलायचं."

मग रिकामे दिवस सुरू झाले. हातांना क्रीम चोपडून, सुती हातमोजे चढवून मावशी उन्हात डोळे मिटून बसायच्या. आजवर हाताखालून गेलेली कापडं एकेक करून समोरून तरंगत जायची: कुणाचा लोकरीचा कोट, कुणाच्या बाळाचं दुपटं, धुक्यासारखी विरलेली एक ओढणी. जाग कुठे संपते नि झोप कुठे लागते, कळेनासं व्हायचं.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी त्यांनी मोजे काढले आणि सहज टेबलावर हात टेकला. लाकडाच्या रेषा बोटांना लागल्या, अगदी स्पष्ट. भेगा मिटल्या होत्या. मावशींनी हळूच शाल उलगडली. रेशीम पाण्यासारखं बोटांखालून वाहत गेलं, कुठेही अडलं नाही.

चार दिवसांत त्यांनी कसरीची सगळी भोकं भरली. उजव्या खांद्याशी मात्र बोट थबकलं. तिथे रेशीम झिजून पातळ झालं होतं, नजरेला दिसणारही नाही इतकं.

गृहस्थ आले तेव्हा मावशींनी त्यांचा हात धरून त्या जागेवर ठेवला. "हे कसरीचं काम नाही. भरू का?"

त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बोलताना ती इथेच शाल चिमटीत धरायची. राहू द्या."

मावशींनी शालीची घडी घातली आणि त्यांच्या हाती दिली.