आबांच्या पोटॅशियमचा पहारेकरी

डॉक्टरीणबाईंनी आबांना केळी बंद केली, तेव्हा त्यांच्या खाटेखाली तीन डझन केळी होती.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेतून निवृत्त, बीपीची गोळी चालू, मूत्रपिंडं जरा थकलेली. सकाळी उसाच्या बांधावर त्यांचे पाय लटपटले म्हणून उंब्रजहून साताऱ्याच्या दवाखान्यात आणलं. (भावकी केळी घेऊन आमच्या आधीच हजर!) ईसीजी बघून बाई गंभीर झाल्या.

"रक्तात पोटॅशियम फार वाढलंय. अशानं हृदय बंद पडू शकतं! केळी, शहाळं, काही द्यायचं नाही."

आबांना सलाईन लागलं आणि मी दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो. पण पेशंटला बघायला रिकाम्या हातानं जाणं आमच्याकडे पाप! आबांचे धाकटे भाऊ तात्या दोन्ही हातांत शहाळी घेऊन आले.

"तात्या, शहाळी आत न्यायची न्हाईत."

"आरं, शहाळ्याबिगर मानूस बरा कसा हुनार?"

मावशीनं पदराखालून केळी आणली. मी तिचा पदरही तपासला. (मावशी अजून माझ्याशी बोलत नाही.) दुपारपर्यंत जप्तीचा माल इतका साठला, की एका बाईनं मला विचारलं, "केळी कशी दिली, दादा?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. "पोटॅशियम एवढं वाढलं कशानं? घरात मीठ कुठलं वापरता?"

मी छाती फुगवली. "मीच बदललं, मॅडम! आबांच्या बीपीसाठी कमी सोडियमवालं, भारीतलं! जेवताना मी स्वतः वरून घालतो!"

"अहो, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं! मूत्रपिंडं अशी असताना ते विषच की!"

सगळी भावकी माझ्याकडे बघायला लागली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी दुसरा ईसीजी चांगला आला. मला आनंदानं रडूच फुटलं! मी आत धावलो, तर आबांनी हात वर केला.

"तात्या, आता पहाऱ्याला तू बस. आनि ह्या गड्याचं खिसं बघितल्याबिगर आत सोडू नगंस!"

तात्यांनी खरोखरच माझे खिसे तपासले. आणि उजव्या खिशातून जप्तीतलं एक केळं निघालं! (सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं हो!)