कुंकू लागलेला ब्रॅकेट

पोरगी काय करते असं गावात कुणी विचारलं की सर्जेराव काकडे छाती फुगवून सांगतात, "इमान बनवती!" तनुजा डोक्याला हात लावते. "अहो बाबा, विमान नाय, विमानाच्या इंजिनाचा एक तुकडा!" पण ऐकतील ते सर्जेराव कसले!

विमानांची ओढ मात्र पोरीला लहानपणापासूनच. चिकलठाण्याला उतरणारं विमान दिसलं की हातातलं काम टाकून गच्चीवर पळायची. पुढं एरोस्पेस इंजिनिअर झाली, पाच वर्षं बंगळूरला काढून शेंद्र्याच्या एका कारखान्यात परत आली. रविवारी अजून वेरूळला जाते आणि एवढं लेणं वरून खाली कसं कोरलं असेल, ते नवऱ्याला समजावत बसते. अभयला आता सगळं तोंडपाठ झालंय बिचाऱ्याला!

टायटेनियमच्या अखंड ठोकळ्यातून ब्रॅकेट, म्हणजे इंजिनाचा आधाराचा तुकडा, कोरायची पद्धत तिनं सहा महिने खपून बसवली. पहिला नग गिऱ्हाइकाला पसंत पडला तरच पुढचं काम मिळणार होतं. तो तयार झाला नेमका खंडेनवमीला. मशीनची पूजा चालली होती. साहेबराव, तिथले सगळ्यात जुने कारागीर, त्यांनी कुंकवाची वाटी पुढं केली आणि आमच्या ह्या शहाण्या बाईनं आनंदाच्या भरात मशीनबरोबर नगालाही बोट लावलं! घामाच्या डागानंही पुढं इंजिनाच्या तापात धातूला तडा जाऊ शकतो, म्हणून नगाला उघड्या हातानं शिवायचंसुद्धा नसतं; आणि हा नियम सगळ्यांना शिकवणारी हीच!

"पुसून टाका, मॅडम," साहेबराव हळूच म्हणाले. "कोणाला कळतंय? लई बोभाटा नका करू."

पुसलं तिनं. पण बारीक छिद्रांत कणभर शिरलं असेल तर? बहुतेक नसेल. पण ‘बहुतेक’वर सही कशी करायची? त्या विमानात माणसं बसणार होती.

तिनं स्वतःच्या नावानिशी चूक लिहून दिली. नग बाद झाला. बाद नग कुणी चुकून वापरू नये म्हणून कापून टाकतात; ते काम साहेबरावांच्याच वाट्याला आलं. त्या दिवशी ते चहालाही तिच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. वरच्या साहेबांनी झापलं ते वेगळंच. दुसरा नग कोरायला अकरा दिवस लागले. गिऱ्हाईक थांबतंय की नाही, या धास्तीनं तिला घास गोड लागेना.

गिऱ्हाईक थांबलं. नग पास झाला, काम मिळालं, पेढे वाटले.

सगळे पांगले तरी साहेबराव तिच्या टेबलाशी उभेच. मग त्यांनी हातमोजा घालून दुसऱ्याच एका कामाचा नग पुढं ठेवला.

"मॅडम, ह्यो परवा केलेला. आतल्या कडेला हत्यार जरासं घसरलं. मी घासून गुळगुळीत केलं. तपासणीत बी सुटलं." त्यांची मान खाली होती. "छत्तीस वर्षं झाली ह्या कामाला, पण असं कधी कोणाला सांगितलं नाय."

तनुजाचे डोळे भरून आले. काम मिळाल्याचं कळलं तेव्हाही तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. तिनं खुर्ची ओढून दिली.

"बसा काका," ती म्हणाली, "आपण दोघं मिळून लिहू."