स्वेटरसाठी घेतलेली रजा

माझ्या बहिणीचं मूल माझ्या हातापेक्षा वेगाने वाढत होतं.

तिला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी पालघरला जाऊन पिवळ्या लोकरीचे गुंडे आणले. आमच्या बोईसरला लोकर मिळते, पण ती तोरणं आणि बाहुल्या करण्यापुरती, बाळाच्या अंगाला टोचेल अशी. बाहेर मे महिना होता. पालघरच्या दुकानदाराने वरच्या फळीवरचं खोकं काढलं, धूळ झटकली आणि घाम पुसत विचारलं, "ताई, आपल्याकडे स्वेटर कोण घालतं?"

"नाशिकला घालतात, माझ्या बहिणीकडे," मी म्हटलं.

पहिला स्वेटर तान्ह्या बाळाच्या मापाने सुरू केला. पाठ झाली आणि आमच्या कंपनीत ऑडिट लागलं. मी औषधं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ऑडिट म्हणजे आधी केलेलं सगळं काम आपणच केलं होतं हे पुन्हा सिद्ध करायचं. कंपनीची बस निघून गेल्यावर रिक्षाने घरी यायचं, कुकर लावायचा आणि झोपायचं. बाळ झालं. बारशाला मी बाजारातलं झबलं घेऊन गेले, आणि परत आल्यावर ती पाठ उसवली.

दुसऱ्यांदा सहा महिन्यांच्या बाळाचं माप धरलं. या खेपेला बाहीपर्यंत पोचले. मग मुलीची वार्षिक परीक्षा आली. मग नवऱ्याच्या वीज प्रकल्पात देखभालीसाठी शटडाउन आलं, म्हणजे तो घरी फक्त जेवायला आणि घोरायला. मग गावी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. एके दिवशी बहिणीने व्हिडिओ कॉल लावला. "ताई, बघ, हा आता धरून उभा राहतो!" तिकडे बाळ उभं होतं आणि इकडे माझ्या मांडीवरचा स्वेटर त्याच्या पोटाच्या जेमतेम वरपर्यंत आला असता. फोन ठेवला आणि तोही उसवला.

उसवलेली लोकर सुरकुततेही. ती भिजवून, ताणून वाळवावी लागते. बोईसरच्या दमट हवेत ती वाळता वाळत नव्हती. आठवीतली माझी मुलगी गॅलरीत गेली आणि तिथूनच ओरडली, "आई, तू मॅगी वाळत घातलीयेस का?"

मला हे सगळं करायला आवडतं, हे लोकांना पटतच नाही. प्रयोगशाळेत मी दिवसभर कणाकणाचं वजन करते. एक आकडा चुकला तर का चुकला ते लेखी द्यावं लागतं. विणताना टाका चुकला तर मी तो उसवते आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. ओव्हनमध्ये केक फुगायला लागला की मी समोर स्टूल घेऊन बसते, टीव्ही बघावा तशी. स्वयंपाकही मला आवडतो, फक्त तो सोपा हवा: मुगाची खिचडी, ताकातला पालक, कांद्यावर परतलेला जवळा. सगळं पोट भरणारं आणि गॅसपाशी फार उभं न ठेवणारं. पण बसमध्ये सुया काढल्या की शेजारची हमखास विचारणार, "एवढा वेळ मिळतो कसा गं तुला?" जणू मी तो तिच्या पर्समधून काढलाय. वेळ मिळत नाही, म्हणून तर बसमध्ये विणते! आणि आमच्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला एक टाका सुईवरून निसटतो, तो उचलेपर्यंत कंपनीचं गेट येतं.

तिसऱ्यांदा मी एक वर्षाचं माप धरलं. डिसेंबरात बाळाचा पहिला वाढदिवस होता. पाठ झाली, पुढच्या दोन्ही बाजू झाल्या, आणि वाढदिवस पुढच्या रविवारवर येऊन ठेपला. तेव्हा मी ठरवलं, शुक्रवारी रजा टाकायची आणि घरात कुणालाही सांगायचं नाही.

सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला पाठ होतं. रजा आहे म्हणजे गॅसच्या शेगडीचा माणूस बोलावता येईल, मुलीच्या शाळेत जाता येईल, बँकेत जाता येईल. म्हणून नवरा पहाटेच्या पाळीला गेल्यावर मी रोजच्यासारखी आवरून बसले. मुलीला संशय नको म्हणून डबा भरला, गळ्यात ओळखपत्रही अडकवलं. ती शाळेला गेली, मी दार लावलं, ओळखपत्र काढून खुंटीला टांगलं आणि मॅक्सी घातली. चहा घेऊन गॅलरीत बसले आणि सलग एवढं विणलं की एक बाही अर्धी झाली. किती छान वाटलं ते सांगता येणार नाही. फार वेळ वाटलंही नाही.

बाहीतून डोकं वर काढलं ते चिकूंच्या वासाने. डहाणूकडचे चिकू टोपलीत मऊ पडले होते. त्यांचा केक करायचा आणि त्यातला अर्धा नाशिकला न्यायचा असा बेत होता. गर कुस्करला, दही, तेल, साखर, कणीक घातली, भांड्याला तूप लावलं. ओव्हन तापत आला होता. शेवटी सोडा घालून मिश्रण भांड्यात ओतलं आणि ओव्हनचा दिवा विझला. पंखाही थांबला.

शुक्रवार. दर शुक्रवारी लाइनच्या दुरुस्तीसाठी आमच्याकडे वीज जाते. गेली कित्येक वर्षं जाते. मी त्या वेळी कंपनीत असते, म्हणून मला त्याचा पत्ताच नाही! माझा नवरा वीज बनवायला गेलेला आणि मी घरात सोडा घातलेलं पीठ धरून उभी.

सोडा थांबत नाही. मी मोठा कुकर काढला, तळाशी मीठ पसरलं, त्यावर वाटी उपडी घातली, झाकणाची रिंग आणि शिटी काढून ठेवली आणि केकचं भांडं आत उतरवलं. गॅस बारीक केला आणि हाश्श म्हणून वळले, तर बेल वाजली.

दारात सातपाटीची मासळीवाली मावशी, डोक्यावर पाटी. ती आमच्या इमारतीत येते ते मला फक्त शेजारणींकडून माहीत होतं, आणि मी नोकरीला जाते ते तिला.

"अगो, तू घरान कशी आज? बरी नाय काय?"

"बरी आहे, मावशी."

"मंग नोकरी सुटली?"

"नाही हो, रजा आहे."

"रजा हाय मंग घे ना. जवला हाय, कडक सुकलेला. बोंबील पन हाय."

मी जवळा घेतला. म्हटलं, दुपारचं जेवण तरी झटपट होईल. कांदा चिरला, तेलात टाकला, तिखट, हळद, चार आमसुलं, धुतलेला जवळा. एका शेगडीवर चिकूचा केक, दुसरीवर जवळा. दोन्ही वास आपापल्या जागी उत्तम, पण ते एकमेकांत मिसळले तेव्हा मी सगळ्या खिडक्या उघडल्या. त्यामुळे शेजारच्या घरात कळलं की मी घरी आहे.

शेजारी एक तरुण जोडपं राहतं. तो इथल्याच एका कारखान्यात आहे, ती घरी असते, मुलगा वर्षाचा. ती मुलाला कडेवर घेऊनच आली.

"दीदी, आप आज घर पे हो? तबीयत ठीक है ना?"

"ठीक है."

"बस दस मिनट इसको देखोगे? आधार का अंगूठा लगवाना है, वहाँ ये बहुत रोता है।"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर मुलगा माझ्या हातात होता.

दहा मिनिटांत काय होणार, असं म्हणून मी त्याला खाली ठेवलं आणि जवळ्याचा गॅस बंद करायला आत गेले. बाहेर आले तर त्याने पिवळा गुंडा पकडून सोफ्याखालून टेबलाखाली नेला होता, आणि दुसऱ्या हातात माझी सुई होती. नुसती सुई. बाहीचे टाके तिच्यावरून उतरून मोकळे पडले होते आणि तो धागा ओढत खदखदून हसत होता. मी एवढी मोठ्याने "अरे!" म्हणाले की तो हसायचा थांबला आणि रडायला लागला. मलाही रडू येत होतं, पण दोघांनी एकदम रडून भागणार नव्हतं.

त्याला उचललं, गप्प करण्यासाठी हाताला लागलं ते त्याच्या अंगावर टाकलं. हाताला लागली ती स्वेटरची पाठ. ती त्याच्या पाठीवर पसरली आणि मी बघतच राहिले. खांद्यापासून खांद्यापर्यंत बरोब्बर. मग उसवलेल्या बाहीचं उरलेलं टोक त्याच्या हाताला लावलं, पुढची लांबी टेपने धरून पाहिली आणि लक्षात आलं की माझा हिशोब चुकला होता. मी धरलेली लांबी मनगटाच्या बरीच अलीकडे संपत होती. बाही पूर्ण झाली असती तरी नाशिकला ती आखूड पडली असती, आणि चौथ्यांदा उसवायची ताकद माझ्यात नव्हती.

आता प्रश्न एकच, हा हात स्थिर कसा ठेवायचा. केकमध्ये सुरी घालून पाहिली, कोरडी आली. एक गरम तुकडा फुंकून त्याच्या हातात दिला. तो खाईपर्यंत पुतळ्यासारखा बसायचा. तेवढ्यात मी दंड मोजला, मनगट मोजलं, गळा मोजला. तुकडा संपला की त्याचे हातपाय सुरू, म्हणून दुसरा तुकडा. असं करत नाशिकला न्यायचा अर्धा केक त्याच्या पोटात आणि माझ्या सोफ्यावर गेला. मग तो तिथेच उताणा झोपला आणि मी नव्या मापाने बाहीचे टाके पुन्हा चढवले.

त्याची आई अजून आली नव्हती. आला तो माझा नवरा. लॅचची किल्ली फिरवून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबला. सोफ्यावर परकं मूल, जमिनीवर केकचा चुरा, घरात जवळ्याचा वास, आणि शुक्रवारी भरदुपारी बायको मॅक्सीवर.

"तू घरी? बरं नाही का?"

दिवसभरात तिसऱ्यांदा! "मी ठणठणीत आहे. रजा घेतली."

"कशाला?"

"विणायला."

त्याने डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "अगं, मग सांगायचं ना. शेगडीवाल्याला आजच बोलावलं असतं."

मी सुया खाली ठेवल्या. "म्हणूनच नाही सांगितलं! रजा म्हटली की तुम्हा सगळ्यांना शेगडी आठवते. आजारी पडले तर चालतं, कुणाच्या ऑपरेशनला चालतं, तुझ्या भाच्याच्या मुंजीला चालतं. मला दोन सुया घेऊन बसायचंय, हे कारण कुणाला पुरत नाही. दीड वर्ष झालं मी एक स्वेटर करतेय. एक! त्या पोराला मिशा फुटतील!"

माझ्या आवाजाने मूल जागं झालं आणि भोकाड पसरलं. नवऱ्याने कंपनीचे बूटही काढले नव्हते. त्याने मुलाला खांद्यावर घेतलं, थोपटलं, आणि जिन्याकडे निघाला. दारातून मागे वळून म्हणाला, "याला खाली फिरवतो. तू विण."

ती दोघं इमारतीच्या आवारात फेऱ्या मारत होती. मी वरून बघत होते आणि विणत होते. मुलाची आई बऱ्याच वेळाने रिक्षातून उतरली. "बहुत लाइन थी दीदी," ती खालूनच म्हणाली. "और फिर सर्वर डाऊन." तिच्यावर रागावणार तरी कसं? तिचाही दिवस कुठे तिच्या हातात होता!

शनिवारी कंपनीतून आल्यावर दुसरी बाही झाली. रविवारी पहाटेच्या एसटीने मी आणि मुलगी नाशिकला निघालो. तोवर बटणं लावायची राहिली होती. मनोरपासून जव्हारच्या घाटापर्यंत मी बटणं लावली, दोनदा बोटाला सुई टोचली, आणि मुलगी शेजारी बसून म्हणत राहिली, "आई, तिकडे पोचल्यावर लाव ना." तिकडे पोचल्यावर मला कुणी लावू दिली असती का!

स्वेटर बसला. बाही मनगटावर, गळा मोकळा, खांदे नेमके. बहिणीने बाळाला माझ्यासमोर उभं केलं आणि मी त्याच्याकडे बघत बसले. दीड वर्षात पहिल्यांदा माप आणि मूल एका जागी होती. तेवढ्यात बहीण त्याची बटणं काढायला लागली.

"काय करतेस?"

"ताई, आत्ता दुपारचं गरम होतंय गं त्याला. संध्याकाळी घालीन."

आमची परतीची एसटी दुपारची होती. मी म्हटलं, "मी निघेपर्यंत त्याच्या अंगावरून काढायचा नाही." एवढ्या जोरात म्हटलं की बहिणीच्या सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बाळाने मी निघेपर्यंत तो घातला, त्यावर श्रीखंडही सांडलं. सांडू दे, पण घालू दे.

बोईसरला पोचेपर्यंत शेजारणीने इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं होतं की दुसऱ्या मजल्यावरच्या दीदी स्वेटर खूप सुंदर करून देतात. खाली चौकशा सुरू झाल्या होत्या: लहान मुलांचे करता का, शाळेच्या रंगात जमेल का, किती दिवसांत द्याल. मी बॅग न सोडता उत्तर लिहिलं, "करून देत नाही." थोड्या वेळाने कुणीतरी विचारलं, "मग केक?"

मी ग्रुपचा आवाज बंद केला. सोमवारी बसमध्ये उरलेल्या लोकरीचे टाके सुईवर चढवले. शेजारची म्हणाली, "आता कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही," मी म्हटलं, आणि पहिल्याच खड्ड्याला टाका निसटला.