अर्धा दोष माझा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते वाकळ पिळायचं. धुतलेली वाकळ एकट्याला पिळता येत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. जोर तिचाच जास्त. पिळता पिळता तिनं विचारलं, भावकीत सांगितलं का? मी म्हणलं, उद्या सांगतो. आठ दिवस मी हेच म्हणत होतो.

"तुमचा उद्या लई म्हातारा झाला," ती म्हणाली.

सांगायचं काय, तर ऐका. ती माझ्या मामाची पोरगी. आमच्यात मामाची पोरगी करायची रीतच आहे. पहिली दोन पोरं झाली ती पिवळी, कातडीला खपल्या, हातपाय वाकडे. वरीस भरायच्या आत दोन्ही गेली. पुढं एक पोरगी जगली, पण गावानं हिच्या कुशीला नाव ठेवलं ते ठेवलंच. बारशाला बोलवायचे नाहीत. हळदीकुंकवात ओटी भरताना हिला टाळून पुढच्या बाईकडं जायचे. मी गप्प बसायचो. खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं.

पोरगी आम्ही माझ्या बहिणीच्या पोराला दिली. तिचं पहिलं लेकरू तसंच निघालं, तसंच गेलं. तवा अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी पोरगी-जावई धरून आम्हा चौघांचं रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आल्यावर बाईंनी समजावलं. मी जन्मभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली केलेली, मला लगेच कळलं. अंगातल्या बारीक पेशींत माल तयार होतो. कोणता माल कुठं पोचवायचा, ते काम एका जीनकडं असतं. तो बिघडला की चांगला माल चुकीच्या थप्पीला जाऊन पडतो. हा जीन माणसाला दोनदा मिळतो, एक आईकडून, एक बापाकडून. एक धड असला तरी भागतं. आमच्या दोघांत एकेक बिघडलेला, एकाच आज्याकडून आलेला. पोरांच्या वाट्याला दोन्ही बिघडलेले आले. पोरगी-जावयाचंही तसंच.

मी विचारलं, "म्हंजी दोष हिचा?"

"दोष कुणाचाच नाही, बाबा. पण बिघाड अर्धा तुमच्याकडून गेलाय."

ही शेजारी पदर तोंडाला लावून हसत होती. आता पोरगी पुन्हा गरवार आहे. पोटातलं लेकरू तपासलं, त्याला ते दुखणं नाही. हेही त्या रिपोर्टामुळंच. ते कळल्यापासून आठ दिवस ही मागं लागली होती, भावकीत सांगा म्हणून.

वाकळ वाळत घालून ती चहा ठेवायला आत गेली आणि बसल्या जागी गेली. छातीत कळ आली, एवढंच.

सकाळी भावकी जमली. सवाष्ण गेली की हिरवं लुगडं नेसवून तिची ओटी भरतात. ताट तयार होतं, पण पहिली कुणी पुढं होईना. कुणाची सून गरवार, कुणाची नात तान्ही. थोरली भावजय हळूच म्हणाली, नुसतं कुंकू लावा.

मी उठलो. सगळं सांगितलं, मोंढ्यातला माल, थप्पी, आजा, सगळं. मग म्हणलं, "अर्धा दोष माझा हाय. चाळीस वरसं हिला टाळलं. मला एका तरी बारशाला टाळलं का?"

मी ताटातला नारळ आणि ओंजळभर गहू घेतले आणि तिची ओटी भरली. गडीमाणसानं ओटी भरायची रीत नाही. मी भरली.

मग भावजय आली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या आल्या. ताटातले गहू संपले. मी घरात गेलो आणि कणगीतले पायलीभर काढून आणले.